लिफ्टवाल्याचा मजकूर

३ जानेवारी, शुक्रवार

नोकरी सोडून तीन महिने झाले. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, आता पुरे. गुडघा साथ देत नाही असं कंपनीला लिहून दिलं होतं आणि तेच सगळ्यांना सांगतो. आजपासून लेखन हाच व्यवसाय.

हिला सांगितलं तेव्हा ही कुणाचा तरी कोट उसवत बसली होती. कात्री खाली न ठेवताच म्हणाली, जूनपर्यंत बघा. तोवर शिलाईवर निभेल, पुढचं मला सांगता येत नाही. मी म्हटलं, जूनपर्यंत माझं सदर सुरू झालेलं असेल. तिने दोरा तोडला.

लेकीने ईमेलचं खातं उघडून दिलं. मला पत्त्यात नुसतं 'लेखक' हवं होतं, पण ते आधीच कुणीतरी घेतलेलं. आकडा लावावा लागेल म्हणाली. शेवटी लेखक८१ मिळालं. म्हणजे माझ्याआधी ऐंशी जण रांगेत आहेत.

वाचनालयात बसून चौदा नियतकालिकांची यादी केली. निम्म्यांत मानधनाबद्दल अवाक्षर नाही. एकात ठळक अक्षरांत छापलंय, मानधनाविषयी विचारणा करू नये. त्यांनाही पाठवलं.

९ जानेवारी, गुरुवार

पहिलं उत्तर आलं, तेही अकरा मिनिटांत! मी स्वयंपाकघरात जाऊन हिला सांगून आलो, मग वाचलं. 'आपला मजकूर मिळाला. निवडीबाबत सहा महिन्यांत कळवण्यात येईल. न कळवल्यास नापसंत समजावा.' लेक म्हणाली, बाबा, हे माणसाने लिहिलेलं नाही, आपोआप येतं.

माणसाने लिहिलेलं अजून एकही आलेलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

ईमेलला कुणी दाद देत नाही म्हणून आज साप्ताहिकाच्या कचेरीत समक्ष गेलो. सहावा मजला. लिफ्ट होती, पण मी जिन्याने गेलो. वर पोचेपर्यंत शर्ट ओला झाला, त्यामुळे पहिली छाप काही बरी पडली नसणार.

उपसंपादक माझ्या लेकीच्या वयाचा. मजकूर समक्ष घेत नाही म्हणाला. मी म्हटलं, ईमेलही घेत नाही. तो हसला आणि पाकीट टेबलाच्या कडेला ठेवून घेतलं, आधीच्या पाकिटांच्या गठ्ठ्यावर. त्या गठ्ठ्यावर त्याचा पाण्याचा पेला ठेवलेला होता. मानधनाचं विचारलं तर म्हणाला, आमच्याकडे नाव होतं हो, नाव मोठं असतं. शिवाय अंकाच्या दोन प्रती.

उतरताना तिसऱ्या मजल्यावर शाफ्टमधून घासल्याचा आवाज ऐकू आला. केबिन ज्या रुळांवरून सरकते ते कोरडे पडलेत. खाली पहारेकऱ्याला सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं, माझं नावही विचारलं. त्या इमारतीत माझं म्हणणं नोंदवून घेणारा तो एकटाच.

घरी आलो तर ही नव्हती. ती हल्ली मंगळवारी आणि शनिवारी दुपारी बाहेर जाते. कुणा गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला जात असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

माणसाने लिहिलेलं पहिलं उत्तर आलं. एका मासिकाच्या संपादकांचं. माझी 'क्षितिजापल्याड' ही कथा, सहा हजार शब्द, खलाशाच्या विरहाची. त्यांनी एकच ओळ लिहिलीय, 'आपण समुद्र पाहिला आहे का?'

मी जेवणावर सगळ्यांना वाचून दाखवलं, काय उद्धट माणूस आहे ते कळावं म्हणून. ही इतकी हसली की तिला ठसका लागला. लेक म्हणाली, बाबा, पाहिलायस का पण? मी पान सोडून उठलो.

पाहिलेला नाही. म्हणून काय झालं?

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज थोडक्यात वाचलो. एका वेबसाइटने मला 'निवडक लेखक' म्हणून घेतलं होतं. रोज दहा हॉटेलांची वर्णनं लिहायची, शब्दागणिक पैसे. नमुना म्हणून चार लिहून दिली. न पाहिलेल्या हॉटेलांबद्दल लिहायला मला काहीच अडचण आली नाही, हे त्या संपादकाला कुणीतरी सांगायला हवं. त्यांना मजकूर अतिशय आवडला. मग नोंदणी शुल्क भरा म्हणाले. मी कार्ड काढून बसलोच होतो, तेवढ्यात लेकीने पडद्यावर बघितलं आणि कार्ड हातातून काढून घेतलं. तिने शोधलं तर त्याच वेबसाइटने शेकड्यांनी 'निवडक लेखक' निवडलेले.

म्हणजे माझं लेखन आवडलेली पहिली माणसं भामटी निघाली.

लेकीने जाता जाता विचारलं, गुडघा दुखतो तर आजीच्या घरी परवा पाच मजले जिन्याने का चढलास? मी म्हटलं, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय.

४ मार्च, मंगळवार

विचित्र दिवस. वाचनालयात लिफ्टच्या धंद्याचं एक मासिक येतं, तांत्रिक. जाहिराती जास्त, मजकूर कमी. मागच्या अंकात त्यांनी आपत्कालीन ब्रेकची आकृती उलटी छापली होती. माझं डोकं तसंही फिरलेलंच होतं. मी त्यांना दीड पानी पत्र हाणलं, की असा ब्रेक बसवलात तर लिफ्ट थांबणार नाही, तुमचा खप मात्र थांबेल.

आज संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, आकृती उलटीच गेली. मग विचारलं, आमच्यासाठी लिहाल का? मानधन देतो, अंक निघाला की आठवड्यात.

मी आधी म्हटलं, मी कथालेखक आहे. त्या म्हणाल्या, असाल. कथा आम्ही छापत नाही, पण वाक्यं तुमची चांगली आहेत.

दोन महिने चौदा ठिकाणी नाक घासलं, आणि 'वाक्यं चांगली आहेत' म्हणणार कोण, तर ग्रीस-वंगणाच्या जाहिराती छापणारी बाई. मी होकार दिला. राग तसाच आहे.

२२ मार्च, शनिवार

लेख छापून आला. 'बिघडण्यापूर्वी लिफ्ट काय काय बोलते.' सात आवाज लिहिले होते, त्यांनी एकही शब्द कापला नाही. मानधनही आलं. हिने अंक उघडून माझ्या नावावरून बोट फिरवलं आणि तो पिशवीत घालून बाहेर घेऊन गेली. कुणाला दाखवायचा होता कोण जाणे.

तीन अनोळखी मेकॅनिकांचे फोन आले. एक म्हणाला, पाचवा आवाज मीही ऐकलाय, फक्त त्याला काय म्हणायचं ते कळत नव्हतं.

हे काही साहित्य नव्हे, मला माहीत आहे. पण फोन तर आले.

१० एप्रिल, गुरुवार

दुसरा लेखही छापला. संपादकबाईंनी सदर द्यायचं ठरवलंय, दर महिन्याला दोन पानं. जूनच्या आत. हिला सांगितलं, ही खरंच खूश झाली.

पुढच्या लेखाचा विषय मात्र त्यांनी दिलाय, दार उघडं असताना लिफ्ट का चालते. अपघात वाढलेत म्हणाल्या. सव्वीस वर्षांत डोळ्यांनी पाहिलेलं एखादं उदाहरण घ्या.

विषय रटाळ आहे. दुसरा काहीतरी सुचवावा म्हणतो.

२४ एप्रिल, गुरुवार

त्यांना दुसरा विषय नको. पाच मसुदे केले. आज पाचवा परत आला. 'हे सगळं माहितीपुस्तिकेत आहे. तुम्ही कुठे आहात यात?'

कुठे असायला हवं होतं? नियम नियम असतो. दाराला कुलूप असतं, ते लागल्याशिवाय वीज पुढे जात नाही, म्हणून दार उघडं असताना लिफ्ट हलत नाही. बिघाड शोधताना मेकॅनिक त्या कुलपाला तात्पुरती तार जोडतो, तिला जंपर म्हणतात, म्हणजे लिफ्टला दार बंदच आहे असं वाटतं. काम झालं की जंपर काढायचा. यात मी कुठून येणार?

कचेरीतल्या लोकांना वाटतं, माणसाने लेखात रडलं की लेख चांगला होतो. मी हिच्यावर विनाकारण ओरडलो, मशीनचा आवाज होतो म्हणून. तिने मशीन बंद केलं. त्यानंतरही मला एक ओळ सुचली नाही.

२६ एप्रिल, शनिवार

दुपारी ही बाहेर गेली असताना फोन वाजला. लंबूची बायको. तिने मला ओळखलं नाही, किंवा ओळख दाखवली नाही. म्हणाली, वहिनी आत्ताच निघाल्या, त्यांचा चष्मा इकडे राहिलाय, मंगळवारी येतील तेव्हा देते.

लंबू माझा जोडीदार. एकोणीस वर्षं आम्ही एका जोडीत काम केलं. गेल्या सप्टेंबरात त्याचा डावा पाय चिरडला. गुडघ्याखाली काढावा लागला. त्यानंतर मी त्याच्याकडे गेलेलो नाही.

ही आल्यावर मी विचारलं, तिथे जात होतीस? कधीपासून?

"ऑक्टोबरपासून," ती म्हणाली. "त्याची बायको दिवसभर कामावर असते. त्याला एकटं कसं ठेवणार? कुणीतरी जायला हवं होतं ना."

माझा छापलेला लेख त्यालाच दाखवला, हेही तिने सांगितलं. त्याने दोनदा वाचला. मी विचारलं, काय म्हणाला? काही नाही, ती म्हणाली.

मग मी म्हटलं, तुला एक सांगायचंय. तिने हात वर केला.

"मला काही सांगू नका. मला माहीत नाही तोवरच मी तिच्यासमोर बसू शकते."

आणि चष्मा नसल्यामुळे सुईत दोरा ओवायला मलाच बोलावलं. मला तीनदा ओवता आला नाही.

२७ एप्रिल, रविवार

सहावा मसुदा. हा इथेच लिहितो, मग उतरवून काढीन.

आठ सप्टेंबर, सुट्टीचा दिवस. जिथे लंबूचा पाय गेला त्या इमारतीच्या पहारेकऱ्याचा मला घरी फोन आला, लिफ्ट अडकलीय. मी एकटाच गेलो. तिसऱ्या मजल्याच्या दाराच्या कुलपात खोट होती. मी जंपर लावला, लिफ्ट चालवून बघितली, कुलूप साफ केलं. जंपर काढायला वाकणार, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. एका वार्षिक अंकाचे संपादक बोलत होते. माझी कथा विचाराधीन आहे म्हणाले. सव्वीस वर्षांत कुठल्या संपादकाने मला फोन केला नव्हता. आवाज नीट येईना म्हणून मी बोलत बोलत खाली रस्त्यावर आलो. वीस मिनिटं बोललो. हत्यारांची पिशवी आधीच खांद्याला होती. तसाच घरी आलो, येताना मिठाई घेतली.

सुट्टीचं काम म्हणून कामाचं पत्रकही भरलं नाही.

अकरा तारखेला लंबू महिन्याच्या तपासणीला गेला. तिसऱ्या मजल्यावर दार उघडून त्याने एक पाय केबिनमध्ये टाकला. दार उघडं आहे म्हणजे ती हलणार नाही, हे त्याला एकोणीस वर्षं माहीत होतं. वर कुणीतरी बटण दाबलं.

चौकशीत कागदोपत्री त्या लिफ्टवर शेवटचं काम लंबूचंच होतं. जंपर त्याचाच, निष्काळजीपणा त्याचाच, असं कंपनीने लिहिलं आणि भरपाई नाकारली. त्याने त्यावर हरकतही घेतली नाही. मी गुडघ्याचं कारण देऊन राजीनामा दिला.

ती कथा त्यांनी छापली नाही.

२ मे, शुक्रवार

लेख पाठवला होता. आज संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, इतकं चांगलं आमच्याकडे कधी आलेलं नाही. आणि छापता येणार नाही. कव्हरच्या आतली जाहिरात त्याच कंपनीची आहे. ते एक झालं, पण वकीलही नको म्हणतात, प्रकरण कुठेच नोंदलेलं नाही, उद्या दोघांनाही कोर्टात उभं करतील. तोवर तुम्ही नेहमीसारखं काहीतरी द्या, तेलपाण्यावर.

मी फोन आदळला. पाच वेळा खोटं परत केलं, ते समजू शकतो. खरं लिहिलं तर तेही साभार परत! मग पाहिजे तरी काय या लोकांना?

दिवसभर घरात येरझारा घातल्या. संध्याकाळी लक्षात आलं की मी लंबूचा नाही, लेखाचाच विचार करतोय.

११ मे, रविवार

गेलो लंबूकडे. ही सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं.

तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. पायाच्या जागी दुमडून पिन लावलेली पँट. शिवण हिच्या हातची, लगेच ओळखली. त्याने बस म्हटलं नाही. मी उभ्याने सगळे कागद वाचले. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "तार निळी होती."

मी कागदांची घडी घातली.

"निळी तार तूच वापरायचास. मी काळी. पाय अडकला होता तेव्हाच मला ती समोर दिसत होती."

मी विचारलं, मग चौकशीत सांगितलं का नाहीस?

"तू येशील वाटलं होतं. आठवडाभरात, महिन्याभरात. मग म्हटलं, बघू तरी किती दिवस लागतात." बोटांवर मोजत म्हणाला, "आठ महिने. एवढी चार पानं लिहायला आठ महिने, आणि म्हणे लेखक."

मासिक छापत नाही, हे मी सांगितलं. त्यावर तो पहिल्यांदा चिडला. मासिकाला कशाला पाठवलंस, त्यांना काय करायचंय, सुरक्षा निरीक्षकाला दे. आणि ती मिठाईची ओळ काढून टाक, निरीक्षकाला तिचं काय.

मी म्हटलं, ती राहू दे. तो म्हणाला, तुझी मर्जी. त्याच्या बायकोने दाराशी येऊन हिचा चष्मा माझ्या हातात दिला. पाणी विचारलं नाही.

१४ मे, बुधवार

निरीक्षकांच्या कचेरीत दिवस गेला. आधी बाराव्या टेबलावर, मग चौथ्या, मग परत बाराव्या. तक्रारीचा अर्ज हवा म्हणाले. मी म्हटलं, तक्रार माझी माझ्याविरुद्धच आहे. तसा अर्जाचा नमुना त्यांच्याकडे नव्हता. शेवटी कोऱ्या कागदावर घेतलं. निरीक्षकांनी चारही पानं वाचली, आणि प्रत्येक पानावर सही करायला लावली. याचा अर्थ कळतोय ना, विचारलं. परवाना जाईल, कदाचित खटलाही होईल.

मी हो म्हटलं.

घरी येऊन हिला सगळं सांगायला लागलो, या वेळी तिने थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर तिने चष्मा पुसला. मग म्हणाली, शनिवारी मी जाणार नाही, तुम्ही जा.

७ जून, शनिवार

लंबूला इस्पितळात नेलं, कृत्रिम पायाचं माप द्यायला. तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. हात धर, सोड, दार उघड. माझ्या खांद्यावर भार टाकतो तेव्हा जरा जास्तच टाकतो. टाकू दे.

तेलपाण्यावरचा लेख मी दिला नाही. त्यामुळे सदर बंद. जून उजाडला आणि मिळकत शून्य. हिला सांगितलेला शब्द पाळता आला नाही. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या कामाला लागलोय, सकाळपाळी. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. त्या पटकन दिसतात.

३० जुलै, बुधवार

निकाल लागला. चौकशी नव्याने झाली, पहारेकऱ्याने आठ तारखेला मला फोन करून बोलावल्याचं सांगितलं. लंबूवरचा ठपका निघाला, कंपनीला भरपाई द्यावी लागेल. सुट्टीच्या कामाची पत्रकं भरून न घेतल्याबद्दल कंपनीवर वेगळे ताशेरे. माझा परवाना कायमचा रद्द, आणि खटला चालेल की नाही हे दोन महिन्यांत कळेल.

लंबूला निकालाची प्रत नेऊन दिली. त्याने वाचली, घडी घालून खिशात ठेवली. आभार मानले नाहीत, मानू नयेतच. मी निघालो तर म्हणाला, शनिवारी लवकर ये, नवा पाय बसवायचाय.

४ ऑगस्ट, सोमवार

संपादकबाईंचा फोन. निकाल आता जाहीर आहे, वकिलांची हरकत उरली नाही. ती जाहिरात गेली तर गेली. तो लेख त्यांना छापायचाय, अख्खा, मिठाईच्या ओळीसकट. मी लंबूला विचारून सांगतो म्हटलं. दुपारी त्याला फोन केला. तो म्हणाला, छाप, पण माझं नाव लंबूच ठेव.

संध्याकाळी बाईंचा ईमेल आला. लेखाखाली टाकायला लेखकाचा परिचय हवाय, दोन ओळींत, आजच. लेक टाइप करायला बसली. कथालेखक टाकायचं का, तिने विचारलं. मी नको म्हटलं. ही मशीन थांबवून ऐकत होती. मी सांगितलं ते लेकीने टाइप केलं, एकदा माझ्याकडे वळून बघितलं, आणि तसंच पाठवलं.

'लेखक सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीच्या कामात होते. या लेखातली तार त्यांनी लावली होती.'